पहिला मासा मियाँसाहेबांचा

आमच्या भोपाळच्या घरमालकांनी मला खोली देताना नाव विचारलं नाही, गोत्र विचारलं नाही, पगारसुद्धा विचारला नाही. झोपाळ्यावर बसल्या बसल्या चष्म्याच्या वरून न्याहाळलं आणि म्हणाले, "लग्न झालंय?"

"झालंय."

"मग सूनबाईंचे केस केवढे आहेत?"

मी नुकतं लग्न झालेला नागपूरचा गडी. दोन्ही हातांत वळकट्या होत्या म्हणून ते वाचले. मी आल्या पावली वळलो, तोच स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, माशीला हवेत म्हणून आधी सांगत जा हो! मागचा भाडेकरू असाच पळाला!"

हे ऐकून मला जास्तच घाम फुटला. पण पळणार कुठे? छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि आम्हा कारकुनांना फायलींबरोबर भोपाळला धाडलं. फायली आधी पोचल्या, म्हणून खोल्या त्यांना मिळाल्या. सरकारी क्वार्टर्स अजून नकाशातच होती. माझं क्वार्टर जिथे दाखवलं होतं तिथे मी जाऊन आलो. एक नीलगाय राहत होती, आणि जागा सोडण्याची तिची तयारी दिसली नाही. गावात एकेका खोलीत चार कारकून झोपत आणि पाचवा दाराला टेकून उभ्यानं झोपे. ही ऐकीव गोष्ट नाही. तो पाचवा मीच. अशात पीरगेटच्या आत एका मराठी घरात खोली मिळत होती, मागे विहीर होती आणि काकूंच्या फोडणीचा वास अंगणभर होता. मी वळकट्या खाली ठेवल्या.

"बसा. चहा घ्या," घरमालक काका म्हणाले. "आता दाखवतो."

भिंतीला एक लांब कापडी पिशवी टांगलेली होती. त्यांनी तिच्यातून वेताच्या छडीसारखे तीन तुकडे काढले आणि एकात एक बसवले. दीड माणूस उंचीची काठी तयार झाली, इतकी लवचिक की बघितलं तरी वाकेल. तिला दोरी, दोरीच्या टोकाला पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली एक माशी. पाण्यावर बसणाऱ्या किड्यासारखी दिसते म्हणून तिला माशी म्हणायचं. मासा तिला किडा समजून वर येतो, अशी एकूण योजना. काकांनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून काठी मागे-पुढे केली, दोरीनं हवेत दोन वेलांट्या काढल्या, आणि ती माशी आवाज न करता माझ्या कपात येऊन बसली.

माझ्या चहात माशी पडली, आणि घरमालक खूश झाले. खोली त्याच क्षणी माझी झाली.

ही विद्या ते विलायतेत शिकले होते. भोपाळ संस्थानात एक जहागीरदार होते, सगळा गाव त्यांना मियाँसाहेब म्हणे. काका त्यांचे शाळासोबती आणि पुढे कारभारी. मोठ्या लढाईच्या आधी कधीतरी मियाँसाहेबांच्या डोक्यात आलं की जगातल्या दूरदूरच्या नद्यांवर जाऊन मासे धरायचे. इंग्रजी वाचायला, तिकिटं काढायला आणि काठ्या सांभाळायला बरोबर काका. वस्तुतः काकांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याबाहेर थांबे. पण दोस्त निघाला, तेव्हा हेही निघाले. ट्रंकेत मेतकूट, भाजणी आणि लिंबाचं लोणचं.

काका प्रवासाचं फार तोकडं सांगत. "स्कॉटलंडात पाऊस होता" म्हणाले की संपलं स्कॉटलंड. फुगवून सांगायचं काम पुढे माझ्याकडे आलं आणि मी ते आजवर इमानानं करत आलो आहे. तर स्कॉटलंडात पाऊस असा की मासे नदी सोडून रस्त्यानं जात आणि वळणावर एकमेकांना वाट देत. आइसलंडात नदीच्या एका काठाला पाणी गोठलेलं आणि दुसऱ्या काठाला उकळतं. मियाँसाहेब इकडे मासा धरत आणि तिकडे शिजवत, मधल्या मध्ये काका मेतकूट-भात. कॅनडातल्या एका तळ्यावर अस्वल येऊन शेजारी बसलं. काकांनी त्याला लोणचं दिलं. ते अस्वल अजून कुणाच्या वाटेला जात नाही म्हणतात.

पण दोघांमधला एक करार मात्र मी फुगवलेला नाही, कारण तो आहे तेवढाच पुरेसा आहे. दिवसाचा पहिला मासा मियाँसाहेबांचा. तो तव्यावर जाणार, त्यावर कुणी बोलायचं नाही. त्यानंतरचे सगळे काकांचे. मियाँसाहेब धरत, काका ओंजळीत घेऊन पाण्यात सोडत. "पंडत का हिस्सा" म्हणत मियाँसाहेब त्याला. आणखी एक नेम होता. माश्यांची डबी काका सांभाळत, पण दोरीला माशी बांधायची गाठ मियाँसाहेब स्वतः मारत. ती ते कुणालाही मारू देत नसत.

प्रवासातच हळूहळू काकांच्याही हाताला चटक लागली. फेकायचा मोह, धरायचं पाप. यावर त्यांनी तोड काढली. पकडीनं गळाचं वळणच तोडून टाकायचं आणि नुसत्या सरळ दांडीवर माशी बांधायची, आणि तसल्या माश्यांची स्वतःची वेगळी डबी ठेवायची. मासा येतो, तोंडात घेतो, फसलो हे कळताच थुंकून निघून जातो. त्या क्षणभरात दोरीला जो हिसका बसतो, तेवढ्यासाठी हा माणूस रोज संध्याकाळी बड्या तालाबावर तास-दीड तास उभा राही.

"हाती काही लागत नाही, मग काय मजा काका?" मी एकदा विचारलं.

"अहो नागपूरकर, रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला, नमस्कार-चमत्कार झाले. आता त्याला पिशवीत घालून घरी आणलंच पाहिजे का?"

माश्या बांधायला माल लागे, आणि तो सगळ्या गल्लीतून येई. काकांना पाहताच शेजारचे कोंबडे कौलांवर चढत. गल्लीतल्या भटजींची शेंडी दर पौर्णिमेला थोडी कमी होई. काकूंचा सोवळ्याचा रेशमी मुकटा लग्नात नऊवारी होता. त्यातले धागे जाऊन जाऊन मी राहायला गेलो तेव्हा तो सहावारीवर आला होता. आणि माझी बायको आल्यावर तिच्या फणीतले काळेभोर केस काकू रोज सकाळी कागदाच्या पुडीत जमा करू लागल्या. त्या केसांची जी माशी झाली तिचं नाव काकांनी ठेवलं 'नागपूरवाली'. बायको महिनाभर माझ्याशी ताठ्यानं वागत होती. मी तिच्यावर केलेल्या कवितेनं जे झालं नव्हतं ते त्या माशीनं झालं.

आता खरी गोष्ट. काका आणि मियाँसाहेब एकमेकांशी बोलत नसत. वीसेक वर्षं.

ते न बोलणं बघण्यासारखं होतं. मियाँसाहेबांची हवेली तालाबाच्या काठावर, तिची गच्ची पाण्यावर आलेली. काका रोज नावेत बसून नेमके त्या गच्चीखाली जात. अख्खा तालाब मोकळा असताना मासे फक्त तिथेच असल्यासारखे. मियाँसाहेब रोज त्याच वेळी गच्चीत खुर्ची टाकत आणि तालाबाकडे पाठ करून बसत. भोपाळी रिवाजानं चिमूटभर मीठ घातलेला चहा घेत. पाठ करायचे, पण बसायचे. एकदा काकांना ताप आला आणि ते गेले नाहीत, तर अंधार पडायच्या आत हवेलीचा म्हातारा नोकर दारात हजर. म्हणे, मियाँसाहेबांना काडेपेटी हवी आहे. हवेलीपासून आमच्या घरापर्यंत काडेपेटीची निदान तीस दुकानं असतील!

"पंडतजी ठीक तो हैं?" त्यानं काडेपेटी घेता घेता विचारलं.

"नुसता हिवताप आहे, सांगा त्यांना," काकू म्हणाल्या. "आणि ही लिंबं न्या."

दोन्ही घरांतलं बोलणं बंद, पण भांडी चालू होती. ईदेला हवेलीतून शीरखुर्म्याचा वाडगा येई, तो काकूंचे अनारसे भरून परत जाई. दिवाळीला इकडून चकल्यांचा डबा जाई, तो सुका मेवा भरून परत येई. रिकामं भांडं कुणी परत करायचं नाही. गल्लीतले लोक संध्याकाळी दारापुढच्या दगडी ओट्यावर, म्हणजे तिथल्या भाषेत पटियावर, गप्पा छाटत बसत, ते म्हणत, "दुश्मनी हो तो ऐसी हो, खाँ. वजन बढ़ रिया है दोनों का."

भांडण कशावरून, हे विचारायची सोय नव्हती. काका स्कॉटलंड सांगत, आइसलंड सांगत, कॅनडा सांगत. नॉर्वेचं नाव निघालं की त्यांना तहान लागे आणि ते उठून माठाकडे जात. एकदा मी मुद्दाम नॉर्वे पाच वेळा काढलं. पाच तांबे पाणी प्यायले, पण बोलले नाहीत.

मग एके दिवशी तालाबावरून काका लवकर परतले. मागोमाग नाववाला काठी घेऊन आला, कारण काका ती नावेतच विसरले होते. मी चमकलो. हा माणूस एक वेळ काकूंना देवळात विसरला असता.

"क्या हुआ भाई?" मी विचारलं.

"को खाँ, सुना नहीं? मियाँ जा रिये हैं. जुम्मे की नमाज़ पढ़के. कराची."

जहागिऱ्या गेल्या होत्या. मुलं आधीच कराचीला गेली होती आणि बापाला बोलावून बोलावून थकली होती. हवेलीत उरले होते मियाँसाहेब, तो म्हातारा नोकर आणि विकली न गेलेली झुंबरं. आज ना उद्या हे होणारच होतं, पण काकांनी तसं धरलं नव्हतं. त्यांनी अंगणात फुलपात्र ठेवलं, समोर उभे राहिले आणि माशी फेकली. ती फुलपात्राच्या हातभर डावीकडे पडली. पुन्हा फेकली. ती तुळशीत अडकली. ज्या माणसाची माशी झोपलेल्या मांजराच्या मिशीवर बसली तरी मांजर जागं होत नसे, त्याचा हात चुकत होता.

काकू ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"जा आणि खरं सांगून या."

काका माठाकडे गेले.

"पाणी पुरे झालं!" काकू कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ऐका हो तुम्ही. हे गृहस्थ जन्मात एकदाच खोटं बोलले आहेत, तेही माशाच्या पायी. नॉर्वेच्या नदीत एक म्हातारा साल्मन होता. रोज एका खडकाच्या सावलीत बसलेला. जबडा असा वाकडा, दात पडलेल्या माणसासारखा. हे त्याला आजोबा म्हणायचे. येता-जाता विचारपूस. शेवटच्या दिवशी मियाँसाहेब म्हणाले, आज हाच. दिवसाचा पहिलाच मासा. म्हणजे तो कुणाचा?"

"मियाँसाहेबांचा," मी म्हणालो. करार करार होता.

"मग यांना मागताही येईना आणि बघवेही ना. मियाँसाहेबांनी माशी मागितली, यांनी स्वतःच्या डबीतली दिली. बिनगळाची."

"मग?"

"मग काय! आजोबांनी माशी घेतली, काठी कमानीसारखी वाकली, आणि आजोबा थुंकून चालते झाले. मियाँसाहेबांनी दोरी ओढून माशी बघितली. विचारलं, ये क्या है? तर हे म्हणाले, ग़लती से दूसरी डिबिया खुल गई. त्यांनी पुन्हा विचारलं, ग़लती से? हे म्हणाले, हां, ग़लती से. झालं! बोटीवर एका केबिनमध्ये महिनाभर होते. मीठ हवं असलं तर खलाशाला बोलावून एकमेकांकडून मागवायचे."

काका माठाजवळ पाठमोरे उभे होते. "त्याला वाटतं मी त्याचा मासा चोरला," ते हळूच म्हणाले.

"चोरलातच की!" काकू म्हणाल्या. "तेवढं एक वाक्य बोलायचं आहे. तो मनुष्य कराचीला गेल्यावर कुणाला सांगणार, नीलगायीला?" आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बरोबर जा. एकटे गेले तर मासे बघून परत येतील."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही गेलो. मी, काका आणि नाववाला. काकांनी कोट घातला होता, विलायतेतला, बटणं पोटाशी भांडत होती. हवेलीच्या दारात ट्रंका आणि बिस्तरे दिसत होते. गच्चीत मात्र खुर्ची होती, खुर्चीत मियाँसाहेबांची पाठ होती, बाजूला तिपाईवर चहाचा कप होता. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा त्यांनी पाठच केली होती.

नाव गच्चीखाली आली. काकांनी घसा साफ केला. मियाँसाहेबांची पाठ ताठ झाली. काकांनी पुन्हा घसा साफ केला. मी डोळ्यांनी खुणावत होतो, नाववाला वल्ह्यानं ढोसत होता, पण ते एक वाक्य काही बाहेर येईना. इतकी वर्षं जो शब्द माठातल्या पाण्याबरोबर गिळला तो घशाच्या तळाशी जाऊन बसला होता.

शेवटी काकांनी खाली बघितलं, काठी उचलली, डबी उघडली आणि 'नागपूरवाली' बांधली. मी मनात तालाबातल्या यच्चयावत माशांना नमस्कार केला. काठी मागे गेली, पुढे आली, दोरी आमच्या डोक्यांवरून, गच्चीच्या कठड्यावरून, मियाँसाहेबांच्या खांद्यावरून गेली आणि माशी त्यांच्या कपात उतरली. चहा हललासुद्धा नाही.

मियाँसाहेबांनी दोन बोटांनी माशी चहातून काढली. झटकली. अंगठ्यानं चाचपून बघितली, वरपासून दांडीच्या टोकापर्यंत, जिथे गळाचं वळण असायला हवं होतं तिथपर्यंत. आणि मागे वळून न बघता समोरच्या भिंतीला म्हणाले,

"क्यों पंडत? आज भी ग़लती से?"

"नहीं," काका म्हणाले. मग मोठ्यानं, "उस रोज़ भी नहीं."

खुर्ची करकरली. मियाँसाहेब वळले. मी त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मला वाटतं, वीस वर्षांत काकांनीही. दाढी पांढरी झालेली त्यांना ठाऊक नसावी, कारण ते तिच्याकडेच बघत राहिले.

"मालूम था," मियाँसाहेब म्हणाले.

"मालूम था?"

"गाँठ किसने बाँधी थी? मैं अंधा था क्या?"

काकांच्या हातातली काठी खाली आली. "फिर फेंकी क्यों?"

"तूने दी थी," मियाँसाहेब म्हणाले. जणू यात विचारण्यासारखं काय आहे. मग कठड्यावर दोन्ही हात टेकून खाली वाकले, आणि वीस वर्षांचा राग त्या म्हाताऱ्या आवाजात एकदम वर आला. "माँग लेता, कमबख़्त!"

"पहला आपका था."

"तो माँग लेता!"

काकांनी नुसती मान डोलावली. हो, मागायला हवा होता. मागितला असता तर मिळाला असता. एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला कधी कधी तालाबाकाठी म्हातारं व्हावं लागतं.

माशी अजून मियाँसाहेबांच्या मुठीत होती आणि दोरीचं दुसरं टोक काकांकडे. मियाँसाहेबांनी दोरी धरली आणि वीत वीत ओढायला सुरुवात केली. नाव हलली आणि हवेलीच्या पायऱ्यांकडे सरकू लागली. नाववाला आजही शपथेवर सांगतो की त्यानं मागून वल्हं मारलं, एवढ्या बारीक दोरीनं तीन माणसांची नाव ओढली जात नाही. त्याला काय कळतंय? मी नावेत होतो. गळ नव्हता, गाठ सुटायला आली होती, आणि नाव सरळ पायऱ्यांना जाऊन लागली.

काका वर गेले. मी आणि नाववाला खालीच थांबलो. वरून एकदम दोन म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू आलं. नंतर म्हातारा नोकर आम्हाला मीठ घातलेला चहा देऊन गेला. मी तो आयुष्यात पहिल्यांदा प्यायलो. बरा असतो.

जुम्म्याच्या नमाजानंतर मियाँसाहेब गेले. काका स्टेशनवर गेले नाहीत, काकू गेल्या. ईदेचा वाडगा आमच्याकडेच राहिला होता, तो अनारशांनी काठोकाठ भरून त्यांनी मियाँसाहेबांच्या मांडीवर ठेवला. संध्याकाळी काका नेहमीच्या वेळी तालाबावर निघाले, तेव्हा न सांगताच मीही बरोबर गेलो. गच्चीत खुर्ची नव्हती. काकांनी नाव तिथेच उभी करवली आणि काठी फिरवली. दोरी सुरेख गेली, पाण्याला टेकली. टोकाला काहीच नव्हतं.

"काका, माशी बांधायची राहिली," मी म्हणालो.

"राहू द्या," ते म्हणाले. "ती मागून घेतली त्यानं."

पुढे नीलगाय हलली, क्वार्टर्स झाली, आम्ही तिकडे राहायला गेलो. आज माझ्या बायकोचे केस पिकले आहेत, विरळही झाले आहेत. नाती तिच्या एवढ्याशा अंबाड्यावरून चेष्टा करतात. ती मुळीच रागावत नाही. मान ताठ करून म्हणते, "माझे काळे केस ना? ते कराचीला आहेत. मागून नेलेत त्यांनी."